वर्षभर पाहुणी

गुरुवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी माझे पती बसस्टॉपवर कोसळले. अ‍ॅम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलमध्ये पोहोचण्याआधी ते गेले. पुढच्या सोमवारी आमच्या घराच्या कागदांची अदलाबदल व्हायची होती.

ही अदलाबदल म्हणजे काय ते सांगायला हवं. इंग्लंडमध्ये घर पसंत पडलं, किंमत ठरली, घराची तपासणी करणाऱ्याने भिंती ठोकून पाहिल्या, तरी घर आपलं होत नाही. दोन्हीकडचे वकील महिनोन् महिने पत्रं लिहितात. शेवटी एका दिवशी सह्या केलेले करार एकमेकांना देतात, आणि त्या क्षणापासून दोघं बांधले जातात. त्याआधी कोणीही, काहीही कारण न देता, मागे फिरू शकतं. आम्ही सह्या करून कागद वकिलाकडे पाठवले होते. गुरुवारी त्यांतल्या एका सहीला अर्थ उरला नाही.

ब्रिस्टलला आम्ही लंडनच्या विमानतळाजवळच्या हाउन्सलोहून आलो होतो. तिथे डोक्यावरून विमानं जायची आणि हे जेवता जेवता आवाजावरून विमान ओळखायचे. ब्रिस्टलला यांना विमानांचे पंख बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. पंखावर कुठे किती भार येतो ते मोजायचं, असं काम. मला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरी लागली. शहराच्या उत्तर टोकाला, कारखान्याजवळ, आम्ही भाड्याचा फ्लॅट घेतला. शेजारच्याने चमचा पाडला तर आम्हाला ऐकू यायचा.

शहर मात्र मला पहिल्या आठवड्यातच आवडलं. जुनं काढून टाकायची त्याला घाई नव्हती. बंदरात मालाची जहाजं येणं कधीच थांबलं होतं, पण धक्क्यावरच्या क्रेन तशाच उभ्या ठेवल्या होत्या. तंबाखूच्या कारखान्यात नाटकं व्हायची, गोदामांत चित्रकार बसायचे. टेकडीवरच्या दगडी हवेल्या कुठल्या पैशातून उभ्या राहिल्या, गुलामांच्या व्यापाराशी त्यांचा काय संबंध, ते मी लायब्ररीत वाचलं. त्यानंतर त्या हवेल्या पूर्वीसारख्या दिसल्या नाहीत, पण शहर ते लपवत नव्हतं, त्यावर मोठ्याने भांडत होतं, याचंही मला कौतुक वाटलं. दक्षिणेच्या टेकडीवर ओळीने रंगवलेली घरं होती. एक निळं, एक पिवळं, एक डाळिंबी. रेल्वे स्टेशनवरून वर पाहिलं की ती दिसायची. हे म्हणायचे, "कोणीतरी धुणं वाळत घातलंय."

त्या वस्तीत नोव्हेंबरमध्ये शनिवार-रविवारी चित्रकार आपल्या घरांची दारं उघडतात. कोणीही आत जावं, चित्रं बघावीत, हवं तर घ्यावीत. आम्ही पावसात चढ चढून गेलो. एका पिवळ्या घराचं दार उघडं होतं. आम्ही दोघांनी दारात बूट काढले आणि मोज्यांवर आत गेलो. ठरवून नव्हे. दुसऱ्याच्या घरात पाय टाकताना हात आपोआप लेसकडे जातो.

समोरच्या खोलीत छपाईचं एक लोखंडी यंत्र होतं. भोवती दोरीवर कागद टांगलेले. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई शाईने काळे झालेले हात कापडाला पुसत उभ्या होत्या. लिनोलियम कोरून त्यावरून छाप काढायच्या. मी कोबीच्या वाफ्यांचा एक छाप बघत होते, तेवढ्यात त्या दाराकडे गेल्या आणि थबकल्या. दारात बुटांची रांग लागली होती. आमच्यामागून आलेल्या प्रत्येकाला वाटलं, या घराचा तसा नियम आहे. बाहेर पायऱ्यांवर पावसात वाकून माणसं नाड्या सोडत होती. आत एक वयस्कर गृहस्थ मोज्याचं भोक झाकायला एका पायावर दुसरा पाय ठेवून चित्र न्याहाळत होते.

"हे कोणी सुरू केलं?" बाईंनी विचारलं.

यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "मी. सॉरी."

"सॉरी कशाला? चाळीस वर्षांत या घरात कोणी बूट काढलेले नाहीत. माझं उद्याचं झाडणं वाचलं."

मग हे गुडघ्यांवर बसून यंत्राचे पाय बघू लागले. "याचं वजन किती?"

"माझ्याहून जास्त, घराहून कमी."

"खाली तळघर आहे का? जमिनीखालच्या तुळया बघितल्या तर चालेल?"

दोघं टॉर्च घेऊन खाली गेले. मी चित्रांपाशी थांबले. वर आले तेव्हा यांच्या केसांत कोळ्याचं जाळं होतं. "शंभर वर्षं हलणार नाही," यांनी बाईंना आश्वासन दिलं. कोबीचा छाप आम्ही विकत घेतला आणि वहीत नाव-पत्ता लिहिला.

मार्चमध्ये बाईंचं कार्ड आलं. धाकटी बहीण एकटी पडली आहे, कॉर्नवॉलला तिच्याकडे राहायला जाते आहे, घर विकायचं आहे. एजंट नेमला आहे, पण त्याआधी तळघरात उतरलेल्या माणसाला विचारावंसं वाटलं.

एजंटने आम्हाला घर दाखवताना मागच्या बागेचं कौतुक केलं. दक्षिणेकडे तोंड, म्हणजे दिवसभर ऊन. रात्री जेवताना यांनी पुण्याला आपल्या थोरल्या बहिणीला फोन केला. वन्संनी पहिला प्रश्न केला, दार कुठल्या दिशेला. "बाग दक्षिणेला, म्हणजे दार उत्तरेला," हे म्हणाले. "मग घे. कुबेराची दिशा." फोन ठेवून हे हसले. "एकाच घराने गोऱ्यालाही खूश केलं आणि ताईलाही. आता आपण नाही म्हणणारे कोण?"

आणि मग सहा महिने पत्रं, आणि तो गुरुवार.

आम्हाला मूल नव्हतं. वन्संचा मुलगा मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये होता, तो त्याच दुपारी आला. भडजींना विचारणं, क्रिमेटोरियमची वेळ घेणं, पुण्याला कळवणं, हाउन्सलोच्या मंडळींना, यांच्या कारखान्यात, माझ्या लायब्ररीत, सगळं त्याने केलं. मी एकही फोन केला नाही. आमच्याकडे ज्याच्या घरी कोणी गेलं त्याने निरोप देत बसायचं नसतं. ते दुसऱ्यांचं काम. निरोप देणारे निरोप देतात, तो एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो आणि संध्याकाळपर्यंत ज्यांना कळायला हवं त्यांना कळलेलं असतं. तेरा दिवस त्या फ्लॅटमध्ये माणसं येत राहिली. कोणी डबा आणायचं, कोणी नुसतं बसायचं. मी धरून चालले की आता सगळ्यांना ठाऊक आहे.

वकिलाला, एजंटला, त्या बाईंना हे भाच्याच्या यादीत कुठून असणार? त्यांच्यापाशी यांचा मोबाइल नंबर होता. तो मोबाइल हॉस्पिटलने कपड्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला होता. ती पिशवी मी कपाटात ठेवली आणि उघडली नाही. सोमवार आला आणि गेला. पत्रं येत होती, ती दोघांच्या नावाने होती, म्हणून मी तीही उघडली नाहीत.

चौदाव्या दिवशी भाचा परत गेला. मी पत्रं फोडली. वकिलाची तीन होती. पहिल्यात त्यांनी फोन करायला सांगितलं होतं. दुसऱ्यात काळजी होती. तिसऱ्यात, आमचा विचार बदललेला दिसतो असं समजून घर पुन्हा विक्रीला लावल्याचं विक्रेत्यांनी कळवलं आहे, असं होतं.

मी एजंटला फोन केला.

"तुमच्याकडून काहीच कळलं नाही," तो म्हणाला. "आम्ही कितीदा फोन केले. आम्हाला वाटलं तुम्ही मागे हटलात."

"माझे पती गेले. तीन तारखेला."

"मला फार वाईट वाटतं. आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"मला वाटलं तुम्हाला कळलं असेल."

"कसं कळणार?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं. मग त्याने अडखळत सांगितलं की लंडनच्या एका जोडप्याने जास्त किंमत देऊ केली आहे, त्यांना स्वतःचं घर विकायचं नाही, ते लगेच येऊ शकतात. ठरवायचं मालकिणीने. शुक्रवारपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. बाई दोन बस बदलून, शहर ओलांडून आल्या होत्या. त्यांनी दारात वाकून बूट काढले. मी नको म्हणत होते, तोवर एक निघाला होता.

"मी तुमच्यावर आठवडाभर रागावले होते," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. "एजंटपाशी तुमच्याबद्दल वाईट बोलले. ते परत घ्यायला आले आहे."

"काय बोललात?"

"ते कशाला?"

"सांगा ना."

"म्हटलं, मोजे घालून आलेली माणसं आवाज न करता पळून जातात."

मी हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा, आणि मला लाज वाटली नाही. त्याही हसल्या, मग डोळे पुसले. मग त्यांनी विचारलं, कळवलं का नाही? मी जमेल तसं सांगितलं. आमच्यात घरच्यांनी फोन करायचा नसतो.

"मग कोण करतं?"

"बाकीचे सगळे."

"आणि मी बाकीच्यांत नव्हते."

"तेव्हा नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला. नखांच्या कडेला शाई होती. "तुम्हाला घर हवंय का? दोघांना हवं होतं हे मला माहीत आहे. मी तुमचं विचारते. लंडनच्या लोकांना मी या महिन्याच्या अखेरपर्यंत थांबवू शकते. बहीण त्याहून जास्त थांबणार नाही."

मला हवं होतं की नाही, हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. त्या घरात मी राहीन तर रोज संध्याकाळी दिवे लागलेलं सबंध शहर मला एकटीला दिसेल, याची भीती वाटत होती. तसं न दिसण्याची जास्त वाटत होती. मी हो म्हणाले. यांच्या कंपनीकडून आणि विम्यातून येणारं धरलं तर जमण्यासारखं होतं. अडचण दुसरीच होती, आणि ती मी पुण्याला फोन लावेपर्यंत मलाही नीट कळली नव्हती.

"वन्सं, घराचं काय करू?"

"कुठलं घर? अगं, कालपरवा दिवस झाले त्याचे, आणि तू घर काढलंस?"

"मी नाही काढलं. यांनीच काढलं होतं."

"त्याचं काय. तो गेला, आता त्याला विचारायची सोय नाही." त्यांचा आवाज चिरला. मग शिक्षिकेचा झाला. "वर्ष व्हायच्या आत गृहप्रवेश करतात का कधी? वास्तुशांत कशी करणार? वर्षभर थांब म्हणावं तिला."

"ती नाही थांबू शकत."

"मग सोड. घरं काय पडलीत रस्त्यावर."

वन्सं स्वतः तिशीत विधवा झालेल्या. आजवर त्यांनी रीत मोडल्याचं मी पाहिलं नव्हतं. फोन ठेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "तळघरात उतरला होता म्हणे तो?"

"हो. तुळया बघायला."

"लहानपणी माळ्यावर चढायचा. खाली उतरायचं नाव नाही."

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला.

"हे बघ, मी भडजींना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि मग मला ऐकावं लागलं असतं. तू घर घे. पण शांत नाही, तोरण नाही, दूध उतू घालायचं नाही. भाड्याच्या घरात जातो तेव्हा कुठे शांत करतो आपण? तशीच जा. वर्षभर पाहुणी म्हणून राहा."

"पण मालकीण मीच ना?"

"कागदावर. घराला कुठे वाचता येतं? त्या बाईचं काहीतरी तिथे राहू दे. तिचं सामान आहे तोवर घर तिचं. वर्षश्राद्ध झालं की तिने घेऊन जावं, मग तू शांत कर आणि आपली म्हण."

माझ्यासाठी त्यांनी आपल्या नियमांत एक फट शोधली होती, आणि शोधताना कुठलाही नियम मोडला नव्हता. इतकी नाजूक कारागिरी मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मी बसमध्ये जुळवत गेले. बाईंना पहिल्या वाक्यातच कळलं. मी म्हटलं, एखादी लहान वस्तू चालेल. चमचासुद्धा.

"चमचा तुम्ही ड्रॉवरमध्ये टाकाल आणि विसराल," त्या म्हणाल्या. त्यांनी खोलीत नजर फिरवली. "यंत्र ठेवते."

"पण तुमचं काम?"

"मग मला कामाला इथेच यावं लागेल. महिन्यातून दोन दिवस. पाहुणीने मालकिणीला जेवायला घालायचं, एवढी अट."

वकिलाला मात्र घाम फुटला. इंग्लंडमध्ये घर पूर्ण रिकामं करून ताब्यात द्यायचं असतं, आणि इथे विकत घेणारीच म्हणत होती, सामान राहू द्या. त्यांनी मला बोलावून, माझ्यावर कोणी दबाव तर आणत नाही ना, असं हळूच विचारलं. "माझ्या नणंदेचा आहे," मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग स्वतः बसून एक पानाचं पत्र तयार केलं, की सदर यंत्र दोघींच्या संमतीने एक वर्ष जागेवर राहील. लंडनच्या जोडप्याला नकार गेला. त्यांनी किती जास्त देऊ केलं होतं ते बाईंनी मला कधीच सांगितलं नाही.

डिसेंबरमध्ये मी राहायला गेले. दारात बाईंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मला खुर्चीवर बसवून स्वतः चहा केला. "पाहुण्यांनी आल्या आल्या उठायचं नसतं," म्हणाल्या. चार वाजता त्यांची गाडी होती. त्या गेल्यावर मी कप धुतला. ओट्यावर दूध होतं, पण मी ते तापवलं नाही.

त्या वर्षी दर महिन्याला त्या ट्रेनने यायच्या, बगलेत कागदात गुंडाळलेलं, कोरलेलं लिनोलियम घेऊन. मी हाउन्सलोहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या करायची. पिठल्याला त्या "ते पिवळं" म्हणत आणि दोनदा वाढून घेत. छपाईला स्वच्छ हातांचं एक माणूस लागतं, कारण शाईच्या हातांनी कागदाला शिवता येत नाही. ते माणूस मी झाले. ओलसर कागद दोन कोपऱ्यांत धरायचा, खुणेवर टेकवायचा, सोडायचा. त्या चाक फिरवायच्या. तुम्ही कशा आहात, असं त्यांनी वर्षभरात एकदाही विचारलं नाही. कागद पुरेसा ओला आहे का, हे विचारलं. एकदा कागद धरल्या धरल्या मला रडू आलं आणि थेंब पडून छाप बिघडला. त्यांनी तो दोरीवर टांगला नाही, फेकलाही नाही, बाजूला ठेवला. "पुढचा," म्हणाल्या.

अशा बाईचं ते शहर होतं. माणसाला त्याच्या दुःखासकट कामाला लावणारं.

बाकीचे दिवस मी एकटी असायची. लायब्ररीतून परतताना चढ चढायची, मध्ये दोनदा थांबायची. दुसऱ्याच्या घरात राहतो तशी राहिले. खिळे ठोकले नाहीत, फर्निचर हलवलं नाही, कोबीचा छाप भिंतीशी टेकवून जमिनीवर ठेवला. त्याचा मला आधार वाटला. यांच्याशिवाय हे घर माझं करायचं, एवढं मोठं काम कोणी माझ्यावर टाकलं नव्हतं. मला फक्त जपून राहायचं होतं.

वर्षश्राद्ध भाच्याने केलं. त्यानंतर दहा दिवसांनी वास्तुशांत ठरली. त्याआधी यंत्र जायला हवं होतं. चार माणसं फळ्या आणि दोर घेऊन आली. ते सुटं करून, रस्त्याच्या चढावर उभ्या केलेल्या गाडीत चढवायला सबंध सकाळ गेली. बाई फुटपाथवर उभ्या राहून प्रत्येकाला ओरडत होत्या. गाडीत बसण्याआधी त्यांनी माझा हात हातात घेतला.

"आता मी आले तर पाहुणी मी," म्हणाल्या. "मला पिवळं करून घाला."

शांतीच्या दिवशी वन्सं पुण्याहून स्पीकरवर होत्या. पातेलं लहान घे, आच मोठी कर, पूर्वेला उतू जाऊ दे. भाच्याने मोबाइल होकायंत्रासारखा धरला होता. "गेलं का?" त्या विचारत राहिल्या. दूध वर आलं, कडेवरून ओघळलं, शेगडी विझली. "गेलं," मी म्हटलं. मग वन्सं म्हणाल्या, "आता खिळे ठोक."

बाई आणखी तीन वर्षं येत राहिल्या. मग त्यांना प्रवास झेपेना, आणि पुढच्या उन्हाळ्यात मीच कॉर्नवॉलला जाऊन आले.

घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. समोरच्या खोलीत पुस्तकं आहेत, यांची आणि माझी, एकत्र लावलेली. वर मी झोपते. मागची खोली पाहुण्यांसाठी रिकामी ठेवली आहे.